सापाचे पिल्लू खात नाही: पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

सापाचे पिल्लू घरी येऊन आठवडा झाला आणि ते तोंड उघडायला तयार नाही, की घरातले लोक खाण्यावर पैसे घालू लागतात. आज पांढऱ्या उंदराचे पिल्लू, उद्या लाव्याचे अंडे, परवा कोंबडीचा तुकडा, आणि शेवटी कुणीतरी वाटीत दूध आणून ठेवतेच. यातले बहुतेक पैसे पाण्यात जातात. दोष खाण्यात क्वचितच असतो, तो बहुधा पेटीत असतो. ऊब कमी, लपायला जागा नाही, आणि दिवसातून दहा वेळा कुणीतरी झाकण उघडून बघतेय. म्हणून हिशेब उलटा मांडायचा. आधी फुकटचे उपाय, मग शे-दोनशेचे, मग हजाराचे, आणि डॉक्टरकडची फेरी त्यानंतर. कडेगावात राहणाऱ्याला तर हे अधिकच लागू, कारण सापांवर हात बसलेला डॉक्टर गाठायचा म्हणजे गुहागर-विजापूर रस्त्याने कराड आणि तिथून पुढे महामार्गाला लागणे आले.

त्याही आधी एक प्रश्न, ज्याला छदामही लागत नाही: पिल्लू कोणत्या सापाचे आहे?

पावसाळा सुरू झाला की उसाच्या बांधावर, विहिरीच्या कडेला, जळणाच्या ढिगाखाली पिल्ले दिसू लागतात. धामण, दिवड, तस्कर, नानेटी, कधी नाग. हौशी पोर बरणीत घालून घरी आणते आणि मग ‘हे काय खाते’ अशी विचारपूस सुरू होते. उत्तर एकच आहे. ते तुम्ही खायला घालायचे नाही, ठेवायचेच नाही. भारतात सापडणारे जवळजवळ सगळे साप वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, नाग, घोणस, अजगर आणि धामण पहिल्या अनुसूचीत आहेत. त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘मी तर जगवत होतो’ ही सबब तिथे चालत नाही. मांडुळाचेही तेच. पैशाचा पाऊस पडेल या आशेने पिंपात ठेवलेले मांडूळ उपाशी मरते आणि ठेवणारा खटल्यात अडकतो.

दुसरी गोष्ट जिवाची. कवड्या समजून बरणीत भरलेले पिल्लू मण्याराचे निघू शकते. दोघांच्याही काळपट अंगावर पांढरे पट्टे असतात आणि वीतभर पिल्लात फरक ओळखणे सरावलेल्यालाही सोपे नाही. नागाचे, मण्याराचे पिल्लू अंड्यातून विष घेऊनच बाहेर येते. फोटो पाठवून ओळख पटवत बसण्यापेक्षा वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या १९२६ क्रमांकाला फोन लावा, किंवा जवळच्या वनकार्यालयाला कळवा. याचा खर्च शून्य. सर्पमित्राने पेट्रोलचे पैसे मागितले तर तो तुमचा-त्याचा प्रश्न, पण साप नेण्याचे सरकारी शुल्क असे काही नसते.

आपल्या जिल्ह्यात एक समज अजून टिकून आहे, की शिराळ्यात चालते मग घरी का नाही? बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीतली जिवंत नागांची प्रथा उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर थांबली. २०२५ मध्ये केंद्राने २१ नाग पकडायला जी परवानगी दिली ती अभ्यास आणि प्रबोधनापुरती, मोजक्या दिवसांची होती. घरात पाळण्याशी तिचा काडीचा संबंध नाही.

राहिले परदेशी साप. शहरातल्या हौशी लोकांकडे प्रामुख्याने दोन दिसतात, आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिकेतला कॉर्न स्नेक. आपल्या विटा-खानापूर-कडेगाव पट्ट्यातली, सोने-चांदी गाळणारी गलाईवाली कुटुंबे देशभर पसरलेली आहेत. पुण्या-मुंबईत शिकणारी मुलेही कमी नाहीत. त्यामुळे असा एखादा साप सुटीत गावी येणे अशक्य नाही. बॉल पायथन ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून २०२४ च्या नियमांनुसार तो ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावा लागतो. हस्तांतर, पिल्लांचा जन्म, मृत्यू, सगळे तिथेच कळवायचे. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, पण तो कुठून आला याची पावती मागायचीच. कागद नसलेला साप स्वस्त मिळतो, हे खरे. मात्र उद्या तो आजारी पडला तर डॉक्टरकडे न्यायलाही मालक कचरतो, आणि इथेच स्वस्त महाग पडते.

विकत घेतानाच तीन गोष्टी विचाराव्यात. शेवटचे कधी खाल्ले, काय खाल्ले, जिवंत की गोठवलेले? आतापर्यंत निदान तीन वेळा तरी खाल्लेले पिल्लूच घ्या, आणि खातानाचा व्हिडिओ मागा. अंड्यातून निघालेले पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दोन आठवडे, पोटातल्या बलकावर जगते आणि खात नाही. असे चार दिवसांचे पिल्लू गळ्यात मारणारा विक्रेता आपली डोकेदुखी तुमच्या घरी पाठवत असतो. माझ्या मते ग्राहकाने पैसे वाचवायची सर्वांत मोठी जागा हीच आहे.

आता पेटी. ज्यांच्या घरी पोल्ट्री आहे त्यांना हे चटकन पटेल. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लाला ब्रूडरखाली ऊब नसेल तर खाद्य कितीही चांगले असो, ते कोपऱ्यात गठ्ठा होऊन बसते. सापाला अंगची ऊब नाहीच, त्यामुळे गारठ्यात त्याचे पचन थांबते, आणि पचणार नसेल तर ते खात नाही. पेटीची एक बाजू उबदार, दुसरी गार हवी, म्हणजे साप स्वतः जागा निवडतो. बॉल पायथनला उबदार बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि गार बाजूला २५ ते २७ अंश लागतात. कॉर्न स्नेकला २९ ते ३१ आणि २२ ते २५ पुरतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे थंडी पडते, तेव्हा नुसत्या खोलीच्या हवेवर हे जमत नाही. उलट एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात दुपारी पेटीच ३५ च्या वर जाते, आणि तेव्हाही पिल्लू खात नाही. अशा वेळी मॅट बंद करून पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीवर ठेवावी.

खर्चाचा अंदाज असा. झाकण पक्के बसणारा प्लास्टिकचा डबा ४०० ते ६०० रुपये, हवेला भोके घरीच तापल्या खिळ्याने पाडायची. पेटीखाली लावायची हीट मॅट ८०० ते १,५००. ती तिसऱ्या हिश्श्याखालीच येऊ द्या, आणि डब्याच्या बाहेरून. थर्मोस्टॅट ५०० ते ९००, तो मात्र वाचवू नका, कारण थर्मोस्टॅटशिवाय मॅट इतकी तापते की सापाचे पोट भाजते आणि साप जागचा हलतही नाही. तापमान आणि दमटपणा दोन्ही दाखवणारे यंत्र ३०० ते ५००. लांब चिमटा दीड-दोनशे. कोकोपीटची वीट दोनशेच्या आसपास. लपायला जागा फुकट, उबदार बाजूला एक आणि गार बाजूला एक. करवंटीला दार पाडले की झाले, किंवा फुटक्या मडक्याचा कड घासून तुकडा पालथा घालावा. लपण जेवढे अंगाला घट्ट तेवढे पिल्लू निर्धास्त. मोठ्या काचेच्या टाकीत सजावट करून ठेवलेले पिल्लू दिसते छान आणि राहते उपाशी. बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के दमटपणा लागतो. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते, तेव्हा गार बाजूच्या लपणात ओलसर कोकोपीट ठेवायचे.

वजनाचा काटा वेगळा सांगतो, कारण इथे लोक चुकीची वस्तू घेतात. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमचा फरक दाखवतो. नुकते जन्मलेले कॉर्न स्नेक सात-आठ ग्रॅमचे असते, त्याचे वजन एका ग्रॅमने घटले हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. बॉल पायथनचे पिल्लू पन्नास-ऐंशी ग्रॅमचे, त्याला तो काटा चालून जाईल. कॉर्न स्नेकसाठी मात्र दशांश ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या, तीन ते पाचशे रुपयांत मिळतो. आणि सोन्या-चांदीत आयुष्य घालवलेल्या गलाईवाल्याच्या घरी असा काटा शोधावा लागत नाही, फक्त त्यावर काय ठेवणार ते आधी सांगावे.

सगळी बेरीज साधारण अडीच ते साडेचार हजार. विजेचे फारसे घाबरू नका. १५ वॅटची मॅट दिवसाचे बारा तास चालली धरली तर महिन्याला साडेपाच युनिट होतात, म्हणजे बिलाच्या टप्प्यानुसार पस्तीस ते सत्तर रुपये. काळजी वीज जाण्याची घ्या. थंडीच्या रात्री वीज गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या बाहेर टेकवा आणि पेटीवर घोंगडे टाका.

यानंतरचा उपाय फुकट आहे, पण करायला सर्वांत जड. काहीही करायचे नाही. पेटी शांत खोलीत, टीव्हीपासून दूर. पाच ते सात दिवस हात लावायचा नाही, खायलाही द्यायचे नाही, फक्त पाणी बदलायचे. पाहुण्यांना दाखवायचे नाही. शेजारची पोरे येतात, साप बघू म्हणतात, तेव्हा काका झालेल्या माणसाला कठोर होणे अवघड जाते, पण व्हावे. पिल्लाचे डोळे दुधाळ-निळसर दिसत असतील तर ते कात टाकण्याच्या बेतात आहे, आणखी आठवडाभर थांबा. कात पडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भूक सर्वांत चांगली असते.

आता खाणे. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला उंदराचे नुकते जन्मलेले गुलाबी पिल्लू, ज्याला विक्रेते ‘पिंकी’ म्हणतात, तेवढे पुरते. बॉल पायथनला त्याहून मोठे, केस फुटू लागलेले. माप सोपे आहे: सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग जेवढा तेवढीच जाडी. गोठवलेले घ्यावे. ते साठवता येते, आणि जिवंत मोठा उंदीर पेटीत सोडून तुम्ही झोपलात तर सकाळी सापाच्या अंगावर उंदराच्या चाव्याच्या जखमा सापडतील. एका पिंकीचे हिशेबापुरते ६० रुपये धरले आणि आठवड्याला एक दिली तर महिन्याला अडीचशेच्या आत भागते. कडेगावात हे दुकानात मिळणारी वस्तू नाही. पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या हाती थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून तीन महिन्यांच्या डझनभर मागवल्या तर सातशे-आठशे रुपये आणि वर डबा-बर्फाचे शंभर-दीडशे. कुरिअरच्या भानगडीत पडू नका. उन्हात एक दिवस पार्सल अडकले की सगळा माल फेकावा लागतो.

मग प्रश्न येतो फ्रीजरचा, आणि तो पैशाचा नाही. देवघराला लागून स्वयंपाकघर असलेल्या घरात आईला न सांगता उंदीर बर्फाच्या कप्प्यात ठेवणे म्हणजे ते कधीतरी उघडकीस येणारच. आधी सांगा, घट्ट झाकणाचा वेगळा डबा ठेवा, त्यावर नाव लिहा. सोवळ्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी आरोग्याचा मुद्दा खराच आहे. सापाच्या विष्ठेत आणि अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. चिमटा, वाटी, ताट, सगळे वेगळे हवे. पेटीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये, पाच वर्षांखालच्या मुलांना दूर ठेवावे आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. घरातून नकारच आला तर साप घेण्याआधी आलेला बरा.

पिंकी वितळवायची रीत: आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. संध्याकाळी, दिवे मंद झाल्यावर, घट्ट बंद प्लास्टिक पिशवीत घालून कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे सोडा. बोटांना अंगापेक्षा किंचित उबदार लागली पाहिजे, सदतीस ते चाळीस अंश. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही, ती आतून शिजते आणि फुटते. कागदाने कोरडी करा, मग डोके पुन्हा क्षणभर गरम पाण्याला लावा. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता जाणणारे खळगे असतात, तो डोळ्यापेक्षा उबेवर नेम धरतो. गार पिंकी म्हणजे त्याच्या लेखी दगडच.

चिमट्याने मागच्या भागाला धरा आणि लपणाच्या तोंडाशी, सापाच्या बाजूने आणा. थेट नाकावर नेऊ नका, तो घाबरून गोळा होतो. आता बघा. आधी जीभ सावकाश बाहेर येते, मग भराभर. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे दुमडली म्हणजे रस आहे. इथे चिमटा हलवायचा मोह आवरा, पिंकी केसाएवढी थरथरू द्या, बस. पिल्लाने झडप घातली की चिमटा सोडून पुतळ्यासारखे उभे राहा. त्या क्षणी कुणी ‘घेतला, घेतला!’ म्हणून ओरडले तर पिल्लू तोंडातला घास टाकून देते. दहा मिनिटांत काही झाले नाही तर पिंकी लपणाशी ठेवा, झाकण लावा, दिवा बंद करा आणि सकाळपर्यंत बघू नका. सकाळी उरली असेल तर फेकून द्या, पुन्हा गोठवू नका. पुढचा प्रयत्न पाच ते सात दिवसांनी. रोज पिंकी पुढे नाचवली तर पिल्लू तिलाच शत्रू समजू लागते, आणि साठ-साठ रुपये कचऱ्यात जातात ते वेगळेच.

दोन-तीनदा नकार आला तर याच क्रमाने पुढे जावे. भोके पाडलेला लहानसा डबा घ्या, पिल्लू आणि उबदार पिंकी त्यात एकत्र ठेवा, आणि तो डबा अंधारात पेटीच्या आत रात्रभर राहू द्या. अरुंद जागेत पुष्कळ पिल्ले खातात. जमले नाही तर पिंकी साध्या पाण्याने धुऊन गोठवण्याचा वास घालवा. मग डोक्याला सुईने टोचून आतला स्राव नाकावर येऊ द्या. वाचायला किळसवाणे वाटते, पण हट्टी पिल्लांवर याचा गुण येतो. कॉर्न स्नेकची पिल्ले रानात सरडेही खातात, त्यामुळे काही जण पिंकीला सरड्याच्या कातेचा वास लावतात. घरातली पाल मारून खायला मात्र घालू नका, तिच्यातून जंत येतात. शेवटी जिवंत पिंकी. डोळे न उघडलेले ते पिल्लू चावू शकत नाही, म्हणून तेवढी जोखीम नाही. जबरदस्तीने तोंड उघडून भरवणे डॉक्टरांचे काम. नाजूक जबडा मोडतो, घास श्वासनलिकेत जातो.

काय द्यायचे नाही ते एका दमात सांगतो. दूध सापाला पचत नाही, नागपंचमीला पितो तो तहानेने. कोंबडीचे तुकडे, खिमा, मासळी यांत हाडे-आतडी नसलेले अर्धवट पोषण. आणि शेतातला उंदीर कधीच नाही. उसाच्या पट्ट्यात झिंक फॉस्फाईडचे आमिष आणि ब्रोमॅडिओलोनच्या वड्या सर्रास टाकतात. बांधावर सुस्त सापडलेला उंदीर बहुधा विष खाऊनच सुस्त झालेला असतो.

डॉक्टरकडे कधी? दिवसांवर जाऊ नका, वजनावर जा. दर आठवड्याला एकाच वाराला वजन घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वजन टिकून असेल तर तीन-चार आठवड्यांचा उपवास घाबरण्यासारखा नाही. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के घट झाली, म्हणजे ७० ग्रॅमचे पिल्लू ६३ वर आले, की थांबू नका. तोंड उघडे ठेवून श्वास, नाकातोंडातून बुडबुडे, हिरड्यांवर पिवळट पू, खवल्यांखाली हलणारे काळे ठिपके, मान वर वळून अडकणे, यांपैकी काही दिसले तर वजन न बघताच निघा. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशींचा. तिथले डॉक्टर तपासतील, पण सापाची सवय असेलच असे नाही, आधी फोन करून विचारा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कडेगावहून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. पुण्यात पाळीव परदेशी प्राणी बघणारे खासगी डॉक्टर मिळतात. साप घेऊन एसटीत बसू नये, त्यात सापाचाही जीव घाबरा होतो आणि प्रवाशांचाही. भाड्याची गाडी किलोमीटरला १२ ते १५ रुपयांनी धरली तर शिरवळची जा-ये साडेतीन-चार हजारांत, पुण्याची पाच हजारांत पडते, तपासणी आणि औषधे वेगळी. म्हणजे एका फेरीत पेटीचे सगळे सामान येते. निघताना पिल्लू सुती पिशवीत, पिशवी भोकांच्या डब्यात, शेजारी कोमट बाटली, आणि वजनाची नोंद व तापमानाचे आकडे सोबत. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

पिल्लाने घास घेतला तर पुढचे ४८ तास पेटीला हात लावू नका. हाताळले की ते घास उलटून टाकते, आणि मग दहा-चौदा दिवस थांबून त्याहून लहान मापापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. दुसरा घास सात दिवसांनी, त्याच जागी, त्याच वेळी, त्याच मापाचा. माप वाढवायचा विचार लागोपाठ चार-पाच वेळा खाल्ल्यावर.